कमानपाट्याच्या कोयत्यांना पाणी दिलं : काही तडकले, काही वळले, काहींना पाणी चढलंच नाही

ऐरण_बार्शी
ऊसतोडीचे २० कोयते. माल म्हणजे ट्रकच्या भंगारातले कमानपाटे (चाकावरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या), जाडी १० मिमी, वेगवेगळ्या गाड्यांचे मिसळलेले. कोळशाच्या भट्टीत तापवून घणाखाली पाठ ५ मिमी आणि धारेकडे २ मिमीपर्यंत आणली. नंतर कडक व्हावेत म्हणून पाणी दिलं, म्हणजे नारिंगी करून साध्या पाण्याच्या पिंपात पूर्ण बुडवले. टेंपरिंग (ठिसूळपणा घालवायला परत बेताने तापवणं) दुसऱ्या दिवशी करायचं म्हणून रात्रभर तसेच ठेवले.

निकाल असा: ६ कोयत्यांना धारेपासून आत अर्धचंद्रासारख्या चिरा. त्यातले दोन तर रात्री पडल्या पडल्या "टिक्" आवाज करून गेले. ९ जणांना पाणी बरं चढलंय, म्हणजे कडक झालेत, कानस घसरते. उरलेल्या ५ वर कानस सरळ चालते आणि धार दगडावर आपटली की वळते. भट्टी एक, पाणी एक, हात एक. मग फरक कुठे पडला? हंगामाआधी अजून ६० करायचे आहेत.

धातुतपासणी
ऐरणदादा, हे तीन वेगवेगळे दोष आहेत, एकच उपाय तिन्हींना लागू होणार नाही. आधी तडकलेल्या सहांची चीर उघडी करा. कोयता व्हाइसमध्ये धरा, फडकं गुंडाळा, डोळ्यावर गॉगल घाला आणि हातोड्याने तुकडा पाडा. मग तुटलेल्या तोंडाचा रंग बघा:

तोंड काळं, पापुद्र्याचं असेल तर चीर पाणी देण्याच्या आधीपासून होती. म्हणजे एकतर जुन्या पाट्यातली थकव्याची चीर, नाहीतर थंड पडलेलं लोखंड ठोकत राहिल्याने पडलेली.
तोंड स्वच्छ चंदेरी-करडं असेल तर चीर पाण्यात किंवा पाण्यानंतर पडली.
टेंपरिंगनंतर तपासताना तोंडावर पिवळा किंवा निळा रंग दिसला, तर चीर पाण्यात पडली आणि टेंपरिंगच्या उष्णतेत हवा आत जाऊन तिला रंग चढला.

त्याच तोंडावर दाणा (पोलाद ज्या बारीक कणांचं बनलेलं असतं ते) पण बघा. चांगल्या पोलादाचं तुटलेलं तोंड राखाडी, मखमलीसारखं मंद दिसतं. साखरेसारखे चमकणारे कण नुसत्या डोळ्यांना दिसले तर दाणा वाढलाय, म्हणजे जास्त तापलंय किंवा जास्त वेळ तापलंय. मोठ्या दाण्याचा कोयता पाण्यात सहज तडकतो आणि नाही तडकला तरी शेतात दगडावर तुटतो.

रात्री "टिक्" झालेल्या दोघांचं कारण मात्र तुटलेलं तोंड न बघताही सांगता येतं. पाण्यातून निघालेलं ०.६ टक्के कार्बनचं पोलाद म्हणजे मार्टेन्साइट (झटकन थंड केल्यावर होणारं कडक, ठिसूळ रूप), काठिण्य ६२-६४ एचआरसी (रॉकवेल मापाने). तयार होताना ते फुगतं. बाहेरचा थर आधी फुगून काचेसारखा कडक होतो, आतला नंतर फुगायला लागतो आणि बाहेरच्याला ताणतो. हा ताण आत अडकून राहतो. टेंपरिंग होईपर्यंत तो तुकडा तासातासाने तुटण्याच्या जवळ जातो. पाणी दिल्यावर कोयता हाताला सोसवेल इतका, ५०-६० अंशांवर आला की लगेच टेंपरिंगला गेला पाहिजे. जेवायला सुद्धा मध्ये थांबायचं नाही.

भट्टी_कुपवाड
पाणी देण्याच्या आधी प्रश्न पोलादाचा आहे. कमानपाटा म्हणजे एकच पोलाद नव्हे. आपल्याकडच्या भंगारात मुख्यतः दोन घराणी मिळतात.

पहिलं सिलिकॉन-मँगेनीजचं, ईएन४५ आणि त्याचे भाऊबंद: कार्बन ०.५ ते ०.६, सिलिकॉन १.५ ते २, मँगेनीज ०.७ ते १ टक्का.
दुसरं क्रोमचं, एसयूपी९ आणि ९ए: कार्बन ०.५२ ते ०.६४, क्रोमियम ०.६५ ते १, सिलिकॉन फक्त पाव टक्का.
(क्रोम-व्हॅनेडियमचं ईएन४७ पण असतं. त्याला क्रोमवाल्यासारखंच वागवा, तापमान २०-३० अंश जास्त.)

क्रोमवाल्याला ८३० ते ८५० अंश पुरतात. सिलिकॉनवाल्याला ८७० ते ९०० लागतात, कारण सिलिकॉन पोलादाचं रूपांतराचं तापमान (जिथे आतली रचना बदलते ते) वर ढकलतं. तुमचे पाच कोयते मऊ राहिले ते बहुतेक सिलिकॉनवाले असावेत, ज्यांना उष्णता कमी पडली. त्याच रंगाला क्रोमवाले व्यवस्थित चढले, आणि जे भट्टीत जरा जास्त राहिले ते तडकले.

दुसरी शक्यता डिकार्बची. सिलिकॉन पोलादाच्या पृष्ठभागावरचा कार्बन भट्टीत फार लवकर जळतो. वरचा ०.२-०.३ मिमी थर नुसतं लोखंड होऊन बसतो, आत पोलाद कडक असतं. कानस वरच्या थरावर चालते आणि आपण म्हणतो पाणी चढलं नाही. म्हणून त्या पाच जणांची धार ०.४ मिमी घासून काढा आणि परत कानस लावा. आता घसरली तर दोष डिकार्बचा. तरीही चालली तर तापमान कमी पडलं.

ऐरण_बार्शी
घासून बघितलं. पाचांतल्या दोघांवर कानस घसरायला लागली, तिघांवर अजून चालते. तडकलेल्या सहांत एकाचं तोंड काळं, पाचांचं चंदेरी, आणि त्यातल्या तिघांत साखरेसारखा दाणा स्पष्ट दिसतोय.

तापमानाचं मीटर नाही. कोळशाच्या भट्टीत ८५० आणि ८९० यांतला फरक डोळ्याने कसा ओळखायचा?

कर्मशाळा
उन्हात रंग बघणं आधी बंद करा. भट्टीभोवती सावली हवी, छप्पर आणि दोन बाजूंना पत्रा. उन्हात जे लाल दिसतं ते अंधारात नारिंगी असतं, त्यामुळेच सकाळचा माल आणि दुपारचा माल वेगळा निघतो.

खुणा तीन आहेत, एकमेकींना ताडून बघा.

लोहचुंबक. रूपांतर होत आलं की चुंबक धरायचं सोडतं, साधारण ७३० ते ७७० च्या दरम्यान. ही खालची पायरी आहे, पाणी देण्याची नाही. चुंबक सुटल्या सुटल्या पाणी देणारे बरेच जण आहेत. क्रोमवाल्याला तिथून अजून ७०-८० अंश हवेत, सिलिकॉनवाल्याला शंभराच्या वर.

मीठ. खायचं मीठ ८०१ अंशांना वितळतं. याच्याइतकी स्वस्त आणि पक्की खूण दुसरी नाही. कोयत्यावर टाकू नका, गंज लागतो. त्याच पाट्याचा चार बोटांचा तुकडा कोयत्याशेजारी त्याच आगीत ठेवा आणि त्यावर चिमूटभर टाका. दाणे आधी तडतडतात, मग कोरडे पडून राहतात आणि ८०१ ला एकदम पाण्यासारखा थेंब होऊन पसरतात. थेंब झाला की क्रोमवाल्यासाठी एक छटा वर जा. सिलिकॉनवाल्यासाठी तांबूसपणा जाऊन स्वच्छ नारिंगी येईपर्यंत.

सावली. अंधाऱ्या जागी पातळ पातं तापताना नीट बघा. लाल पात्यात एक काळसर ढग तयार होतो आणि धारेकडून पाठीकडे सरकतो. रूपांतर होताना पोलाद उष्णता पिऊन घेतं, म्हणून तो भाग शेजारच्यापेक्षा काळा दिसतो. ढग पूर्ण नाहीसा झाला म्हणजे सगळं पातं रूपांतरित झालं. एकदा डोळ्याला हा ढग दिसायला लागला की रंगाच्या नावांवर अवलंबून राहावं लागत नाही.

६० कोयत्यांचं काम असेल तर के टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) आणि डिजिटल मीटर घ्याच. त्याने काही कोयते वाया जायचे वाचले की खर्च वसूल. थर्मोकपलचं टोक कोळशात नको, एका बाजूने बंद असलेल्या लोखंडी नळीत हवं आणि कोयतासुद्धा त्याच नळीच्या शेजारी.

आणि भात्याची हवा. पंख्याच्या तोंडाशी कोयता ठेवला की तिथे ऑक्सिजन जास्त, पापुद्रा आणि डिकार्ब दोन्ही जास्त. कोळशाचा थर जाड ठेवा, कोयता वरच्या अर्ध्या भागात, धार वर. धार खाली ठेवली तर पातळ भाग आधी आणि जास्त तापतो.

धातुतपासणी
दाण्याबद्दल. घणाखाली शेवटचा ठोका नारिंगीत पडला आणि लगेच पाणी दिलं तर ठोकतानाचा मोठा दाणा तसाच राहतो. मध्ये नॉर्मलायझिंग हवं. ठोकणं संपलं की कोयता एकदा ८८० च्या आसपास तापवून बाहेर काढा आणि हवेत टांगून काळा होऊ द्या. दुसऱ्यांदा जरा कमी, तिसऱ्यांदा ढग जेमतेम सरला की काढा. तीन वेळा. पाण्यात नाही, फरशीवर नाही, दोन कोयते चिकटून नाहीत. प्रत्येक फेरीत पोलादात नवीन दाणे जन्माला येतात आणि आधीच्यापेक्षा बारीक. कोयत्यामागे दहा मिनिटं जातात, पण चिरा थांबवायला पाण्याऐवजी तेल वापरण्याइतकाच याचा हात असतो.

ठोकताना वरची मर्यादा ११५० धरा. पांढरट पिवळं होऊन ठिणग्या उडायला लागल्या तर ते टोक कापून टाका. जळलेलं पोलाद कितीही नॉर्मलाइझ केलं तरी परत येत नाही. खाली ८५० च्या आसपास हात थांबवा.

तेलपिंप
पाणी की तेल यावर लिहितो, कारण मुख्य चूक तिथे झाली आहे असं माझं ठाम मत आहे.

कमानपाट्याचं पोलाद तेलासाठीच बनवलेलं आहे. पूर्ण पातं पाण्यात बुडवणं म्हणजे चीर मागून घेणं. गरम लोखंड द्रवात गेलं की आधी वाफेचं आवरण तयार होतं, तेव्हा थंड होणं मंद असतं. मग आवरण फुटून उकळी येते, तेव्हा सगळ्यात वेगाने उष्णता जाते. शेवटी साधं वाहून थंड होणं. पाण्यात अडचण अशी की २५० अंशांच्या खाली, जिथे मार्टेन्साइट तयार होऊन पातं फुगत असतं, तिथेही ते फार वेगाने ओढतं. तेल तिथे हळू होतं. पाट्याच्या पोलादाला वरचा भाग वेगात आणि खालचा हळू, असंच हवं.

तेल कोणतं: क्वेंचिंग ऑइल मिळालं तर उत्तम. नाहीतर शेंगदाणा किंवा सोयाबीन तेल चालतं, एवढ्या पातळ पात्याला पुरेसं वेगवान आहे. इंजिनचं जळकं तेल नको. त्याचा धूर छातीत जातो आणि त्यात काय मिसळलंय ते कळत नाही. पाण्याचा अंश असेल तर त्याहून वाईट: पाणी तळाशी बसतं, लाल पातं तिथे पोचलं की वाफ होऊन सगळं तेल उफाळून बाहेर येतं आणि पेटतं. नव्या तेलातसुद्धा पाणी नाही ना, हे बघायला पळीभर तेल वेगळं तापवा. तडतडलं तर पाणी आहे.

किती: हिशोब करून सांगतो. ७०० ग्रॅमचा कोयता ८५० वरून तेलात गेला की १० लिटर तेल जवळजवळ २० अंशांनी तापतं. तेल ५० ते ६० वर सुरू करायचं आणि ८० च्या पुढे जाऊ द्यायचं नाही. म्हणजे १० लिटरमध्ये एका वेळी एकच. ६० कोयते करायचे तर ४० लिटरचं उभं लोखंडी पिंप घ्या, मग चार-पाच सलग जातील. प्लास्टिकचं पिंप अजिबात नको.

तेल आधी ५० वर का तापवायचं, असा प्रश्न नेहमी येतो. थंड तेल घट्ट असतं, पात्याभोवती हलत नाही, म्हणून उलट हळू थंड करतं. कोमट तेल जास्त वेगाने थंड करतं. लोखंडाचा तापवलेला तुकडा आधी बुडवून तेल गरम करून घ्या.

कसं: टोक खाली, पातं उभं, सरळ आत. मग खालीवर किंवा धारेच्या दिशेने पुढेमागे. आडवं ढवळायचं नाही, एक बाजू आधी थंड होऊन पातं पळी होतं. पिंपावर घट्ट बसणारं लोखंडी झाकण हाताशी ठेवा. पेटलं तर झाकण, पाणी कधीच नाही.

वाकलंच तर घाई करा. पातं तेलातून २०० च्या आसपास बाहेर काढलं तर पाच-दहा सेकंद ते अजून ऐकतं. जाड हातमोजे, लाकडाचे दोन ठोकळे, दाबून सरळ. पूर्ण थंड झाल्यावर सरळ करायला गेलात तर मोडेल.

लोहारआळी
तेलवाल्यांचं सगळं पटतं, पण आमच्याकडे धारेलाच पाणी देण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय आणि ती चुकीची नाही. फरक इतकाच की पूर्ण कोयता बुडवायचा नसतो.

कोयता तापवला की फक्त धारेचा दोन बोटांचा पट्टा कोमट पाण्यात. पातं सतत थोडं वरखाली हलतं ठेवायचं. स्थिर धरलं तर पाण्याच्या रेषेवर आडवी चीर जाते. तीन-चार मोजायचे, बाहेर काढायचं, विटेच्या तुकड्याने धार झटकन घासून पांढरी करायची. आता पाठीतली उष्णता धारेकडे यायला लागते. आधी फिकट पिवळा पट्टा, मागून गडद पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा असे एकामागून एक सरकत येतात. जांभळा धारेला टेकला की पूर्ण कोयता पाण्यात.

पूर्ण बुडवण्याआधी पाठ लाल नाही ना, हे बघायलाच हवं. पाठीत लाली शिल्लक असली तर तिलाही पाणी चढतं आणि कोयता काचेचा होतो. पाठ काळी, धार जांभळी, मग बुडवायचा.

भट्टी_कुपवाड
लोहारआळी, पद्धत खरी आहे आणि पातळ धारेला ती चालते. पण जांभळ्याबद्दल एक अडचण आहे, आणि मिश्र भंगारात ती फार महत्त्वाची ठरते.

जांभळा म्हणजे २७०-२८० अंश. काठिण्य ५५-५६ एचआरसीच्या आसपास राहतं. सिलिकॉनवाल्याला ते उत्तम आहे. पण क्रोमवाल्याला २५० ते ३७० हा वाईट पट्टा आहे. तिथे काठिण्य उतरतं, पण चिवटपणा वाढायच्या ऐवजी घटतो, कारण मार्टेन्साइटच्या पट्ट्यांमध्ये सिमेंटाइटच्या (लोखंड-कार्बनच्या कडक, ठिसूळ संयुगाच्या) पातळ चादरी तयार होतात आणि चीर त्यांच्या बाजूने पळते. सिलिकॉन सिमेंटाइटला लवकर जमू देत नाही, म्हणून ईएन४५ मध्ये हाच वाईट पट्टा वर सरकतो, चारशेच्या आसपास. म्हणजे एकाच जांभळ्या रंगाला एक पाटा उत्कृष्ट आणि दुसरा ठिसूळ. "आमचे कोयते कधी मोडत नाहीत" आणि "आमचे मोडतात" असं म्हणणारे दोघंही खरं बोलत असतात, त्यांच्या हातातलं पोलाद वेगळं असतं.

क्रोमवाल्याला एकतर २०० ते २३० (५७-५८ एचआरसी, कडक धार), नाहीतर सरळ ४०० ते ४२५ (४९-५० एचआरसी). मधलं टाळा. सिलिकॉनवाल्याला २८० ते ३२०, नाहीतर ४५० च्या वर.

आणि रंगावर फार विसंबू नका. रंग तापमानाबरोबर वेळेवरही चालतो. २५० ला तासभर ठेवलेलं पातंसुद्धा जांभळ्याच्या जवळ जातं.

ऊसपट्टा
कोयता कोणाच्या हातात जाणार त्याचा विचार या सगळ्यात आला पाहिजे. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो. धार मातीत जाते, ठिबकच्या नळीवर, दगडावर आदळते. तोडणीवाले दिवसातून अनेकदा बांधावर बसून कानशीने धार काढतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, म्हणजे दोघांची मजुरी त्या धारेवर. ५७-५८ चा कोयता दिला तर कानस घसरत राहते, धार निघत नाही, आणि दगडावर धारेचा तुकडा उडतो. तुकडा उडाला की तो कोयता त्या दिवसापुरता गेला. वळलेली धार मात्र दोन मिनिटांत सरळ होते.

माझं मत: ऊसतोडीला ५० च्या आत. कानशीचे दात जेमतेम रुतले पाहिजेत, भुसा बारीक पडला पाहिजे.

भट्टी_कुपवाड
बरोबर. तुम्ही म्हणताय तेच धरलं तर मिश्र भंगाराचा प्रश्नही सुटतो. दोन्ही पोलादांना ४५० अंश, दीड तास. ४६ ते ४८ एचआरसी येतात, दोघांचेही वाईट पट्टे टळतात आणि कानस चालते. टेंपरिंगनंतर हवेत सोडा किंवा पाण्यात बुडवा. एवढ्या पातळ पात्याला पाण्याने काही होत नाही, कारण जे कडक व्हायचं होतं ते आधीच झालंय. भट्टीत मात्र रात्रभर हळूहळू थंड होऊ देऊ नका. क्रोम-मँगेनीजच्या पोलादाला ५५० ते ३७५ मधून हळू उतरणं सोसत नाही.

ऐरण_बार्शी
४५० ला जायचं कसं? घरचा ओव्हन २५० ला संपतो.

कर्मशाळा
लोखंडी पेटी, तळाला आणि वर चार बोटं कोरडी बारीक वाळू, मध्ये कोयते एकमेकांना न चिकटवता. खाली लाकडाचा किंवा गॅसचा मंद जाळ. थर्मोकपल कोयत्याच्या उंचीवर वाळूत. वाळू हळू तापते पण एकदा तापली की हलत नाही, हाच तिचा फायदा.

मीटर येईपर्यंतची खूण: जस्त ४१९ अंशांना वितळतं. जुन्या साध्या सेलचं बाहेरचं डबडं जस्ताचं असतं. ते नीट धुऊन, त्याचा कपटा पत्र्याच्या झाकणीत ठेवून वाळूत पात्याशेजारी पुरा. पात्याला टेकवू नका. वितळला की ४२० ओलांडलंय. तिथून जाळ तसाच ठेवून थोडं वर. शिसं याच कामासाठी वापरतात ते करू नका, त्याची वाफ विषारी असते.

तुळई
जरा वेगळं विचारतो. पाट्याऐवजी बांधकामाची टीएमटी सळई ठोकून कोयता केला तर? १६ आणि २० मिमीचे तुकडे भरपूर पडून आहेत.

धातुतपासणी
नको. त्यात कार्बन जास्तीत जास्त ०.३० टक्के. पाण्यात घातलं तरी कोयत्याला लागेल तेवढं काठिण्य येत नाही, आणि प्रत्येक खेपेतल्या सळईचं रसायन वेगळं.

शिवाय टीएमटी स्वतःच उष्णतेची कारागिरी आहे. रोलिंगमधून लाल सळई निघते तेव्हा पाण्याच्या फवाऱ्यात तिची फक्त बाहेरची कातडी कडक होते. आतला गाभा अजून गरम असतो, तो बाहेर येऊन त्या कातडीला टेंपर करतो. म्हणजे लोहारआळींनी वर सांगितलेली पाठीच्या उष्णतेने धारेला टेंपर करण्याची युक्ती, फक्त गोल सळईवर आणि सेकंदाला कित्येक मीटर वेगात. आडवी कापून घासून हलक्या नायट्रिक आम्लाने पुसली की कडेला काळपट कडं दिसतं, तेच ते. भट्टीत घातलं की ते कडं गेलं. साइटवर सळई लाल करून वाकवतात तेव्हाही हेच होतं, म्हणून ते कधीच करू नये.

गॅरेज_सातारा
मला एक कळत नाही. नवीन कमानपाटा कारखान्यातूनच ४२ ते ४८ एचआरसीच्या आसपास येतो. तुम्ही सगळे शेवटी ४६-४८ वर आलात. मग पाटा तापवायचाच कशाला? थंडच कापून, घासून कोयता केला तर?

भट्टी_कुपवाड
होतं, आणि चांगलं होतं. पाटा ६-७ मिमीचा असला तर माझा सल्ला तोच. पॅराबोलिक (मध्ये जाड, टोकांकडे निमुळत्या) पाट्यांची टोकं तेवढी पातळ असतात. कटरने कापताना कडेला निळं-करडं होतं तेवढी ३-४ मिमी कड घासून काढायची. घासताना दर दोन-तीन फेऱ्यांनी पाण्यात. हाताला चटका बसायला लागला की थांबायचं. धार चाकावर निळी झाली म्हणजे तीनशेच्या आसपास गेली, या टेंपरच्या कोयत्याला त्याने काही होत नाही. करडी झाली तर पाणी उतरलं, तेवढी धार परत काढावी लागते.

१० मिमीचा पाटा मात्र थंड घासून ३ वर आणणं म्हणजे चाकं आणि वीज जाळणं. त्याला ठोकणंच बरं.

कोणताही जुना पाटा घेताना रॉकेल-खडूची परीक्षा चुकवू नका. तारेच्या ब्रशने साफ करा, रॉकेल लावून १५ मिनिटं ठेवा, कोरडं पुसा, वर खडूची पूड पाण्यात कालवून लावा. चीर असेल तर सुकताना पांढऱ्यावर काळसर रेष उमटते. मधल्या बोल्टच्या भोकाभोवतीचा चार-चार बोटं भाग तर कापूनच टाका. तुमचा तो एक काळ्या तोंडाचा कोयता इथूनच आला असावा.

ऐरण_बार्शी
मुठीसाठी एमएसची (साध्या मऊ पोलादाची) नळी वेल्ड करतो, पाणी दिल्यावर. तिथेही दोन तुटले होते, पण ते मी वेगळं धरलं होतं.

तेलपिंप
ते वेगळं नाही, त्याच रोगाचा भाग आहे. वेल्डिंगच्या शेजारचा मिलिमीटरभर पट्टा वितळण्याच्या जवळ जातो आणि बाजूचं थंड लोखंड त्याची उष्णता क्षणात ओढून घेतं. म्हणजे पाणी न घालता त्या पट्ट्याला पाणी चढतं, टेंपरिंग काहीच नाही, वर साध्या रॉडमधला हायड्रोजन. तो पट्टा नंतर सहज तुटतो.

वेल्डिंग पाणी देण्याच्या आधी करा, ठोकून आणि नॉर्मलाइझ करून झाल्यावर. ती जागा २५०-३०० वर तापवून घ्या. रॉड कमी हायड्रोजनचा ई७०१८, आधी ३५० अंशांना तासभर सुकवलेला. वेल्ड झाल्या झाल्या तो भाग कोरड्या राखेत पुरा आणि हळू थंड होऊ द्या. पुढे पूर्ण कोयत्याचं टेंपरिंग ४५० ला होणारच आहे, त्यात हा सांधाही येतो. तेलात बुडवताना नळीकडचं चार बोटं टोक बाहेर ठेवा. नळीच्या पोकळीत तेल अडकलं तर गरम फवारा अंगावर येतो.

ऐरण_बार्शी
चार दिवसांनी लिहितोय. पाट्यांचे ११ नमुने कापले, प्रत्येकाचे दोन तुकडे, ६ मिमी जाड. एक मीठ वितळल्यावर एक छटा वर, दुसरा स्वच्छ नारिंगीला, दोन्ही शेंगदाणा तेलात, तेल ५५ वर. वरचा थर घासून कानस लावली.

७ पाट्यांचे दोन्ही तुकडे कडक. त्यांत ५ पाट्यांचा नारिंगीवाला तुकडा मोडल्यावर साखर दिसते, मीठवाल्याचं तोंड मखमली. ४ पाट्यांचा मीठवाला तुकडा अर्धवट मऊ, नारिंगीवाला कडक आणि मखमली. या चारांना पिवळा रंग लावून वेगळे ठेवलेत. सात जणांतले उरलेले दोन पाटे दोन्ही रंगांना मखमली निघाले, ते कोणत्या गटात घालू?

भट्टी_कुपवाड
छान काम केलंय. चार पिवळे सिलिकॉनवाले, पाच क्रोमवाले. उरलेले दोन ईएन४७ असण्याची शक्यता जास्त. व्हॅनेडियमचे कार्बाइड दाण्याला वाढू देत नाहीत, म्हणून जास्त तापूनही साखर दिसत नाही. त्यांना क्रोमवाल्यांबरोबर घ्या, फक्त ८६०-८७० पर्यंत जा. टेंपरिंग तिघांनाही ४५० ला दीड तास.

पहिल्या फेरीत प्रत्येक गटाचा एकच कोयता करा. धार लावून वाळक्या बांबूच्या गाठीवर वीस घाव, मग पातं व्हाइसमध्ये धरून वीसेक अंश वाकवा आणि सोडा. सरळ परत आलं पाहिजे. वाकलेलं राहिलं तर टेंपर २५ अंशांनी कमी करा. गाठीवर धारेचा चुरा उडाला तर मला तुटलेल्या तोंडाचा फोटो टाका, पाणी परत देण्याच्या आधी.

ऊसपट्टा
आणि त्याच तीन कोयत्यांवर आठ इंची नवी कानस चालवून बघा, जुनी नको. पाच-सहा हात मारल्यावर धारेवर बारीक मिशी (वळलेली पातळ कड) उठली पाहिजे.